रायबासाठी केलेलं नाटक

एका संस्थानात रायबा नावाचा एक कासार राहत असे. तो जन्मापासून ठार बहिरा होता, पण नाटकाचा भारी शौकीन. तेव्हा नाटकं बाजारचौकात होत. त्याची बहीण येसू मशालीच्या उजेडात उभी राहून नटांचा शब्दन् शब्द हातांच्या खुणांनी त्याला सांगे. हे कळल्यावर आसपासच्या गावांतले बहिरेही येऊ लागले. लोक हसले की क्षणभरानं तेही हसत.

पुढे राजानं संगमरवरी नाट्यशाळा बांधली. पहिल्याच खेळाला येसू रंगमंचाच्या कडेला उभी राहिली, तर कारभाऱ्यानं तिला खाली उतरवलं. तिनं कोपऱ्यातली हातभर जागा आणि एक दिवा मागितला.

कारभारी म्हणाला, "इथं लोक नाटक बघायला येतात, तुझे हात नाही."

त्या दिवशी रायबा नटांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसला. नंतर तो गेलाच नाही. बाकीचे बहिरेही यायचे थांबले.

गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा मनाचा हळवा होता. त्याला फार वाईट वाटलं. रायबाला बोलावून काही विचारावं, हे मात्र त्याला सुचलं नाही. त्यानं दरबारी कवीला एका बहिऱ्याच्या आयुष्यावर नाटक लिहायला सांगितलं आणि रायबाला मानाचं बोलावणं धाडलं.

रायबा हरखला. आपल्यासाठी नाटक म्हणजे येसूला जागा मिळणार, असं त्यानं धरलं. नवा फेटा बांधून तो गेला. त्याला पहिल्या रांगेत बसवलं, येसूला मागे बायकांत.

पडदा उघडला. मोठा नामांकित नट तोंड वासून, हात वेडेवाकडे हलवत फिरू लागला. ते हात काय म्हणताहेत, हे रायबाला काही केल्या उमगेना. त्या हातांत भाषाच नव्हती. आजूबाजूला माणसं पदरानं, उपरण्यानं डोळे टिपत होती. त्यानं वळून येसूला शोधलं. ती सांगायला उठली, तसं शिपायानं तिला खाली बसवलं.

खेळ संपल्यावर राजानं स्वतः रायबाच्या खांद्यावर शाल घातली आणि येसूला पुढे बोलावून, नाटक कसं वाटलं, असं त्याला विचारायला लावलं. रायबाचे हात थोडेसेच हलले. येसू घुटमळली.

मग म्हणाली, "महाराज, तो विचारतोय, त्या माणसाला झालं काय होतं? आणि सगळे का रडत होते?"

"किती निष्पाप जीव आहे," राजा म्हणाला. त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात येसूनं पुन्हा त्या कोपऱ्यातल्या जागेचा विषय काढला. कारभारी तिच्यावर खेकसला, "तुमच्यावर अख्खं नाटक केलं, आता आणखी काय हवं?"

ते नाटक पुढे खूप गाजलं. परगावचे लोक येऊन रडून जात, राजाच्या दयाळूपणाचे गोडवे गात. रायबा बाजाराला जाताना नाट्यशाळेचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं जाऊ लागला.

तात्पर्य: ज्याची कीव येते, त्याला काय हवं ते आधी विचारावं, न विचारता केलेली दया फक्त करणाऱ्यालाच सुखावते.