खजिन्याभोवतीचा हिरवा काठ

एका राज्यात एक राजा होता, एक राणी होती, आणि दोघांचे एकमेकांशी छान पटत होते. राजेराण्यांच्या बाबतीत हे फारसे ऐकिवात नाही, पण इथे होते खरे. राजाचे नाव रत्नध्वज, राणीचे चारुवदना. राजाला अवघी नगरी तोंडपाठ. पखालवाल्यालाही तो नावाने हाक मारी.

एके दिवशी राजवाड्याच्या बागेत विहीर खणताना तांब्याचा हंडा लागला. हंड्यात पाचू होते, माणके होती, आणि काठावर एका मांत्रिकाने कोरलेला शाप होता : ‘जो हे धन राखील, तो आपल्या माणसांना मुकेल.’ राजाने हसून हंड्यावर पहारा बसवला, आणि शाप लागला. आधी तो पखालवाल्याला विसरला, मग प्रधानाला, मग सेनापतीला. शेवटी एका सकाळी समोर आलेल्या राणीला त्याने आदराने विचारले, “बाई, आपण कोणाच्या?”

राणी सरळ बागेत गेली आणि हंड्यापाशी बसून रडली. हंड्यावर एक साळुंकी बसली होती.

“राणी, रडून झाले का?” साळुंकीने विचारले.

“झाले नाही. पण तू बोल.”

“हंडा हलवू जाशील तर हलणार नाही. त्याच्याभोवती सुवासिक झाडांचा काठ लाव. पुढे बुटका पुदिना, मध्ये मरवा, मागे उंच सब्जा. शिमग्याच्या पुनवेला काठ दरवळला, तर शाप सुटेल. नाही दरवळला, तर राजा स्वतःचेच नाव विसरेल आणि या हंड्यातला एक खडा होईल.”

“झाडे कुठे मिळतील?”

“नागाच्या झऱ्यावर, राक्षसाच्या टेकडीवर आणि मांत्रिकाच्या अंगणात.”

राणीने पदर खोचला आणि ती निघाली.

झऱ्यावर नाग वेटोळे घालून बसला होता. “काय देशील?” तो म्हणाला. राणीने आपल्या पैंजणांचा आवाज त्याला दिला. तेव्हापासून तिची पैंजणे मुकी झाली. नागाने पुदिन्याच्या मुळ्या दिल्या आणि बजावले, “याला पाटाच्या ओलीत लाव, पण बूड फोडलेल्या मडक्यात. मोकळा सोडलास, तर पाहुणा म्हणून येईल आणि घर बळकावील.”

टेकडीवरच्या राक्षसाला कैक वर्षे झोप नव्हती. “मला गोष्ट सांग,” तो म्हणाला. राणीला दुसरी गोष्ट कुठली सुचणार? तिने आपलीच सांगितली. राक्षस ढसाढसा रडला आणि रडून दमल्यावर त्याला गाढ झोप लागली. डोळे मिटता मिटता त्याने मरव्याच्या फांद्या दिल्या. म्हणाला, “वाळू घालून उंचवट्यावर लाव. पाणी बेताने दे. मायेपोटी बुडवू नकोस.”

मांत्रिकाने मात्र काहीच मागितले नाही. सब्जाचे बी तिच्या ओंजळीत घातले आणि तो हसला. फुकट मिळालेल्या वस्तूची राणीला धास्ती वाटली.

“यात खोट काय आहे?” तिने विचारले.

“बियांत खोट नाही. तुमच्या घरची रीतच माझे धन राखील.”

राणीने काठ लावला. मडकी पुरली, वाळू कालवली, शेणखत घातले. राजा रोज फेरफटका मारताना थांबे आणि “बाई, छान काम करता,” असे म्हणून पुढे जाई. त्या कौतुकाने राणीच्या काळजाला घरे पडत. पण सब्जा कमरेला लागला, मरव्याने फांद्या टाकल्या, पुदिना मडक्याबाहेर डोकावू लागला, आणि वास सुटला.

आता त्या घराण्याची एक रीत होती. राजाच्या बागेतली काडी कोणी मोडायची नाही. फूल झाडावर सुकायचे, फळ झाडाखाली कुजायचे, पण हात लावायचा नाही. राणी त्याच घरची. तिनेही पान खुडले नाही. उलट काठाभोवती भालाईत उभे केले. मग सब्जाला मंजिऱ्या आल्या आणि पाने बारकी झाली. मरव्याच्या बुडाला नुसत्या काटक्या राहिल्या. पुदिना लांबट वाढून पिवळा पडला. वास रोज उणा होऊ लागला. राणीने आणखी खत घातले, आणखी पहारा वाढवला. शिमगा तोंडावर आला, आणि राजा एकदा आरशापुढे उभा राहून बराच वेळ विचारात पडला.

अशात एका भर दुपारी भालाइतांना डुलकी लागली आणि पवळा परटिणीची बकरी बागेत शिरली. बकरीला घराण्याची रीत कोण सांगणार? तिने अर्धा काठ शेंड्याशेंड्याने खाल्ला. शिपायांनी बकरी आणि परटीण दोघींना राणीपुढे ओढून आणले.

“बाईसायेब, मुकं जनावर हाय,” पवळा म्हणाली. “माझा गळा कापा, पर हिला सोडा.”

राणीच्या अंगात रागावण्याचेही बळ उरले नव्हते. “जाऊ द्या दोघींना,” ती म्हणाली, आणि उरलेल्या काटक्यांपाशी बसून राहिली.

पण काही दिवसांत नवल झाले. बकरीने खाल्लेल्या प्रत्येक शेंड्याखाली दोन दोन फुटवे आले. तो अर्धा काठ दाट झाला आणि घमघमू लागला. ज्याला कोणी शिवले नाही, तो अर्धा वाळून खडखडत होता. राणीने दोन्ही बाजू पाहिल्या आणि मांत्रिक का हसला ते तिला कळले.

तिने बागेचे दार उघडले, भालाइतांना घरी धाडले आणि ‘या, हवे ते खुडून न्या,’ अशी दवंडी पिटवली. माणसे आली, पण हात जोडून लांबच उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांचे भय असे एका दवंडीने जात नाही. तेव्हा राणीने पवळेला पुढे बोलावले, मंजिरी आलेला शेंडा दोन पानांच्या वर नखाने खुडला आणि तिच्या ओटीत घातला. मग बायका पुढे झाल्या. कोणी मरवा वेणीत माळला, कोणी चटणीला पुदिना नेला, कोणी तापातल्या पोराच्या उशाशी सब्जा ठेवला. लोक रोज खुडत होते आणि काठ रोज फुटत होता.

पुनवेच्या सकाळी मांत्रिक धावत आला. “राणी, तू रीत मोडलीस,” तो ओरडला.

“मोडली,” राणी म्हणाली.

“मग माझे धन राखणार कोण?”

“आता इथे कोणी काही राखत नाही.”

मांत्रिकाने हंड्यात हात घातला. पाचू-माणकांची काळीभोर माती झाली होती. ती मूठभर माती घेऊन तो आला तसा निघून गेला, आणि पुन्हा कोणाला दिसला नाही.

एवढ्यात वास थेट राजवाड्यात पोहोचला आणि राजा बाहेर आला. ज्यांना तो आधी विसरला, ते त्याला आधी आठवले. पखालवाल्याला त्याने नावाने हाक मारली. प्रधानाला मिठी मारली. सेनापतीच्या खांद्यावर हात ठेवला. राणी सब्जाच्या ओळीपाशी उभी होती. नखांत माती होती, हात रापलेले होते. आता हा पुन्हा ‘बाई’ म्हणाला तर आपल्याच्याने सोसवणार नाही, असे तिला वाटले आणि तिने मान खाली घातली.

राजा तिच्यापुढे येऊन थांबला. त्याने तिची हनुवटी वर केली.

“चारू,” तो म्हणाला, “किती वाळलीस तू.”

त्यांचा काठ जसा दरवळला, तसा ऐकणाऱ्यांचा उंबरा दरवळो. आणि आपल्या माणसाच्या तोंडून आपले नाव सगळ्यांना ऐकू येवो.