खालच्या नळाची डाळ

“पण मग डाळ शिजणार कशी, माई?”

दिगंबराच्या हातात रिकामी घागर तशीच राहिली.

मठाच्या अंगणात दोन नळ होते. एक वरच्या आळीचा, त्याला धरणाचं गोड पाणी. दुसरा खालच्या आळीचा, त्याला बोअरचं जड पाणी. मठ बरोबर मध्ये, म्हणून दोन्ही वाट्याला आले होते. आणि माई सांगत होत्या, आज भंडाऱ्याच्या डाळीला खालच्या नळाचं पाणी घाल.

“त्या पाण्यात क्षार आहेत,” दिगंबर म्हणाला. “साबणाला फेस येत नाही, डाळीचा दाणा मोडत नाही. कॉलेजात हेच तर शिकवायचो मी.”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“खालच्या नळाचं घे.”

माई पुन्हा वाती वळू लागल्या...

दिगंबरानं खालच्या नळाखाली घागर लावली, पण तो आतून धुमसत राहिला. प्राध्यापकाची नोकरी सोडून तो मठ चालवणाऱ्या माईंकडे शिष्य म्हणून आला होता. मठाचा स्वयंपाक त्याच्याकडे आल्यापासून त्याच्या वरणाचं नाव गावभर झालं होतं, आणि ते त्याला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

पाण्याचा प्रश्नही त्यानं सोडला नव्हता. वरच्या आळीला फळ्यावर लिहून समजावलं होतं, की खालच्यांनाही धरणाच्या पाण्यात वाटा द्या. मंडळी मान डोलवायची आणि घरी जाऊन म्हणायची, “खालच्या बायकांना रांधता येत नाही, त्याला पाणी काय करणार?”

आज तीच मंडळी जेवायला येणार होती.

दुपारी पंगत बसली. एका बाजूला वरची आळी, समोर खालची. पत्रावळी मांडल्या, भात तयार झाला. डाळ मात्र... रटारटा उकळत होती आणि दाणा जसाच्या तसा.

“काय दिगंबरपंत, आज उपास घडवताय का?” वरच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

दिगंबराचे कान लाल झाले. त्यानं माईंकडे पाहिलं. माई खांबाला टेकून मजेत बसल्या होत्या.

शेवटी वरच्या आळीच्या विमलकाकू पदर खोचून उठल्या. त्यांच्या आमटीला गावात तोड नव्हती.

“सरका. मी बघते.”

त्यांनी जाळ वाढवला, तेल सोडलं, हळद घातली, झाकण ठेवलं. घामाघूम झाल्या. डाळ ढिम्म.

“घोटा, काकू, घोटा!” समोरच्या पंगतीतून शेवंता म्हणाली. “आम्ही रोज तेच करतो.”

काकूंनी घोटलं. हात हळदीनं माखले, तशा त्या जवळच असलेल्या खालच्या नळावर गेल्या आणि साबण चोळू लागल्या. चोळतच राहिल्या. फेस येईना. हातावर नुसता पांढुरका चिकटा...

“शेवंता, हे असं रोज?”

“रोज, काकू. न्हायलं की केसांचा काथ्या होतो बघा.”

काकू आपल्या पिवळ्या हातांकडे बघत राहिल्या. आणि एकदम खो खो हसत सुटल्या.

“अगं बाई! आणि आम्ही तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो!”

मग काय, वरच्या आळीचा जो तो उठून साबण हातात घेऊन बघू लागला. “अहो, खरंच येत नाही फेस!” खालच्या बायका पोट धरून हसू लागल्या. शेवंतानं येऊन डाळीत चिमूटभर सोडा टाकला. काकू आणि ती आळीपाळीनं घोटू लागल्या.

पाणी समितीचे नाईकवाडे नळावरून ओल्या हातांनी परतले. खालच्यांना वाटा द्यायला आजवर सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच.

“धरणाचं पाणी दिवसाआड सोडू,” मग ते म्हणाले. “एक दिवस वर, एक दिवस खाली.”

“उद्यापासून!” काकू पातेल्याजवळूनच ओरडल्या.

“उद्यापासून,” नाईकवाडे म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोपऱ्यात कुणीतरी टाळ काढले. दिगंबराला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. इतके दिवस तो फळ्यावर जे लिहीत होता ते...

त्यानं डाळीचा दाणा चावून पाहिला आणि धावत माईंकडे गेला.

“माई, अजून दाताखाली लागतेय. काय करू?”

माई अंगणाकडे बघत होत्या. पंगती केव्हाच मोडल्या होत्या. जागा मिळेल तिथं माणसं एकमेकांना खेटून बसली होती.

“शिजलंय की,” त्या म्हणाल्या.

“शिजलंय? माई, डाळ शिजली म्हणतात.”

“डाळीचं कोण बोलतंय? वाढायला घे.”