कोठाराचं खालचं तोंड

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या थोरांनो, खरं तर ती तुमच्यासाठीच आहे.

नदीकाठच्या एका गावात बियाण्याचं एक कोठार होतं. ते राजाचं नव्हतं की सावकाराचं नव्हतं. घराघरातून ओंजळ ओंजळ ज्वारी गोळा करून वाडवडिलांनी ते उभं केलं होतं. पेरणीला ज्याला बी कमी पडेल त्यानं न्यावं आणि सुगीला सव्वापट आणून घालावं, अशी रीत होती. नवं बी वरून ओतायचं. नेताना मात्र खालच्या तोंडाचा बोळा काढून न्यायचं, म्हणजे जुनं आधी बाहेर पडे.

कोठार सांभाळायचा सटवाजी. हाताचा स्वच्छ माणूस. एक दाणा कधी इकडचा तिकडे केला नाही. एके वर्षी राजाचा अंमलदार आला, त्यानं कोठारात काठी खुपसून पाहिली आणि म्हणाला, "काठोकाठ भरलंय! असं कोठार पंचक्रोशीत नाही." त्यानं सटवाजीला जरीचा फेटा बांधला. नदीपलीकडच्या वाडीचं कोठार नेहमी अर्धंच असे. तिथल्या माणसाला नुसते टोमणे मिळाले.

तेव्हापासून सटवाजीला कोठारात वीतभर जागा रिकामी दिसली तरी खपेनासं झालं. उंदीर शिरतात असं सांगून त्यानं खालचं तोंड मातीनं लिंपून टाकलं. बी द्यायचंच झालं तर वरून, थोडंसं, आणि तेही ज्यांच्या कणग्या आधीच भरलेल्या असत त्यांना. "त्यांचं नक्की परत येतं," तो म्हणे. गावही खूश होतं. आपलं कोठार भरलेलं आहे हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

एका पेरणीला त्याची धाकटी बहीण ठकू दारात येऊन उभी राहिली. तिचं सासर गावातच होतं. नवरा वर्षभर अंथरुणाला खिळला होता आणि सुगी हातची गेली होती.

"दादा, दोन पायल्या बी दे. सुगीला आणून घालते."

"गेल्या साली तुझं अर्धंच परत आलं, ठके. अंमलदार येईल, काठी घालील. त्याला काय सांगू?"

"सांग, ठकूच्या रानात पेरलंय म्हणून."

सटवाजीनं दार लावून घेतलं.

रान पडीक राहिलं. आजारी नवऱ्याला गाडीत घालून ठकू वाडीत राहायला गेली. तिथल्या अर्ध्या कोठारातून तिला बी मिळालं आणि तिनं वाट्यानं रान केलं. नवरा मात्र पहिल्याच थंडीत गेला. सटवाजीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याही वर्षी फेटा त्यालाच मिळाला.

बरीच वर्षं गेली. एकदा ऐन सुगीत गावावर गारांचा मारा झाला आणि उभी कणसं मातीत गेली. पेरायला कुणाच्याच घरी दाणा उरला नाही. तरी लोक घाबरले नाहीत. "आपलं कोठार आहे ना!" ते एकमेकांना म्हणाले. सटवाजीनं मोठ्या अभिमानानं लिंपलेलं तोंड फोडलं आणि घरोघर बी मोजून दिलं. पाऊस झाला, पेरण्याही झाल्या.

लोक रोज सकाळी बांधावर जाऊन मातीकडे बघत बसत. काहीच उगवेना. शेवटी सटवाजीनं माती उकरून एक दाणा काढला. दिसायला टपोरा होता. बोटात धरताच त्याचं पीठ झालं. वरचं थोडं ताजं बी गेल्या पेरणीलाच बाहेर गेलं होतं आणि गारांमुळे परत आलं नव्हतं; उरलेलं वर्षानुवर्षं तळाशी दबून केव्हाच मेलं होतं. सटवाजीनं चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती. आणि तरी सगळ्या गावाचं बी त्यानंच घालवलं होतं.

गावाच्या गाड्या घेऊन तो वाडीला गेला. नदीपलीकडे गारा पडल्या नव्हत्या. वाडीचं कोठार आता ठकू सांभाळत होती. नेहमीसारखंच ते अर्धं होतं, पण त्यातला दाणा न् दाणा गेल्या सुगीचा होता.

"ठके, मी कुठल्या तोंडानं मागू?"

ठकूनं खालचा बोळा काढला आणि एकेक माप शीग लावून भरत गेली. पोती संपली, तेव्हा ती म्हणाली, "दादा, अजून दोन पायल्या आहेत. कशात घालू?"

सटवाजीनं डोक्यावरचा जरीचा फेटा सोडला आणि तिच्यापुढे अंथरला.

"ह्या दोन पायल्या माझ्या पडीक रानात पेर," ठकू म्हणाली. सटवाजीला रडू आवरलं नाही.

उशिरा पेरलेलं पीक थोडंच आलं, आणि ते वर्ष गावानं अर्धपोटी काढलं. दोन-तीन सुग्या गेल्या आणि एका पेरणीनंतर अंमलदार आला, त्यानं काठी घातली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कोठार अर्धं रिकामं कसं?"

"रिकामं नाही, सरकार," बोडक्या डोक्याचा सटवाजी म्हणाला, "रानात पेरलंय."

म्हणून लक्षात ठेवा: सगळ्यांनी मिळून जमवलेली पुंजी किती साठली यावरून नव्हे, तर अडल्या वेळी ती किती हातांपर्यंत पोचली यावरून जोखावी.