घणसरीच्या सुऱ्याची परज

पाहुणे, सुरा हातात घ्या, बघा, पण विकत मागू नका. आज मिळायचा नाही. आमचा लोहार हट्टी आहे असे समजून शहरातली माणसे रुसून जातात, म्हणून आधीच सांगतो. मूठ आणि पाते यांच्या मधे ही जी आडवी पट्टी आहे ना, तिला परज म्हणतात. पाठीच्या बाजूने ती घासून पार गोल केली आहे आणि धारेच्या बाजूने ओठ काढल्यासारखी पुढे वळवली आहे. दिसायला वाकडीच. आमच्या घणसरी गावच्या सुऱ्याची परज अशीच असते, आणि तिच्यामागे एक जीव गेलेला आहे असे सांगतात.

फार जुनी गोष्ट. या भट्टीवर तेव्हा निंबाजी लोहार होता. त्याची धाकटी बहीण राही गावातच दिलेली, हैबती शिकाऱ्याला. हैबती म्हणजे रानडुकराच्या पुढ्यात पायी उभा राहणारा माणूस. हाकारे आणि कुत्री डुक्कर नाळेत, म्हणजे डोंगराच्या घळीत, उतरवायची आणि अरुंद जागी हा एकटा सुरा घेऊन थांबायचा. त्या वर्षी एक एकलकोंडा डुक्कर नाचणीत शिरला होता. त्याने राखणीच्या माणसाला फाडले, तेव्हा गावाने हैबतीकडे बघितले.

हैबतीचा जुना सुरा निंबाजीच्याच बापाने केलेला होता. त्याची परज जाड आणि चौकोनी. सुरा उपसताना ती कमरेच्या पटक्यात अडकायची. डुक्कर अंगावर येत असताना सुरा पटक्यात अडकून चालत नाही, हे हैबतीचे म्हणणे खरेच होते. त्याने नवा सुरा मागितला.

निंबाजीचा हात गोड होता. आधी त्याने एका साध्या सुऱ्यावर नमुना केला. कानस घेऊन परज घासत गेला, बघत गेला, आणखी घासत गेला. शेवटी ती जवाच्या दाण्यासारखी नाजूक झाली. ओंडक्यात सुरा खुपसून पाहिला तर हात तसूभर धारेकडे सरकला नाही. मग तशीच परज हैबतीच्या सुऱ्याला चढवली. हैबतीने तो पटक्यातून पुन्हा पुन्हा उपसून पाहिला, खूश झाला, जुना सुरा भट्टीवरच टांगून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेला.

नवरा शिकारीला गेला की राही ऐरणीपुढे दिवा लावायला यायची. त्या दिवशीही आली. वात भिजवताना तिची बोटे तेलकट झाली होती. नवरा रात्रभर जिचे कौतुक करत होता ती परज कशी आहे बघावी, म्हणून तिने नमुन्याचा सुरा उचलला आणि ओंडक्यात मारला. पाते लाकडात अडले आणि तिचा हात परजेवरून सरकून धारेवर गेला. तळवा चिरला. हाताकडे बघून ती भावाला म्हणाली, “दादा, ह्यांचा हात रगतानं भिजंल तवा?”

निंबाजीने स्वतःचे हात पाहिले. लोहाराचे हात ते, जन्मभर राखेने माखलेले, कोरडे. असल्या हातातून काही निसटत नाही. त्याने परज पारखली होती ती या हातांनी. खुंटीवरचा जुना सुरा त्याने ओढला, दुसऱ्या हातात कानस तशीच राहिली, आणि तो रानाकडे धावत सुटला.

नाळ कुठे ते त्याला माहीत होते. चढण चढताना कुत्र्यांचा आवाज कानावर आला. कुत्री भुंकतात म्हणजे डुक्कर उठला. आवाज खाली उतरत होता. निंबाजी पडला, गुडघे फुटले, उठून परत धावला. नाळेच्या तोंडाशी पोचला तेव्हा खाली खडकाआड हैबतीची पाठ दिसली. नवा सुरा त्याने उपसलेलाच होता.

“दाजी, त्यो सुरा टाका!” निंबाजीने हाक दिली. हैबती वळला नाही. पुन्हा हाक दिली. हैबतीने मान अधिकच ताठ केली. आमच्याकडे रानात मागून हाक आली तर ओ देत नाहीत. चकवा घरच्या माणसाचा आवाज काढतो असे जुनी माणसे मानायची. मेव्हणा भट्टीवर असताना त्याचा आवाज इथे कुठून येणार? हैबतीच्या मनात तेच आले असणार.

निंबाजीला ते उमगले. ओरडून उपयोग नाही, जवळ जायला वेळ नाही, आणि कुत्री तर आता समोरच्या झाडीत भुंकत होती. हातातली कानस त्याने सुऱ्यावर ठोकली. भट्टीवर ठोकतात तशी, ठण ठण ठण. भूतखेत लोखंडाला शिवत नाही, म्हणजे हा माणूसच. हैबतीने चमकून मागे पाहिले.

डुक्करही त्या आवाजावरच आला. हैबतीला ओलांडून सरळ निंबाजीवर. निंबाजीने आयुष्यात शिकार केली नव्हती. त्याने फक्त सुरा पुढे धरला. हात घामाने भिजलेला, मग रक्ताने भिजला, पण बापाच्या त्या जाड परजेने तळवा पुढे जाऊ दिला नाही. पाते मुठीपर्यंत गेले. तेवढ्यात सुळ्याने त्याची मांडी उभी फाडली होती. हैबतीने धावत येऊन बाजूने वार केला, आणि राही म्हणाली तसेच झाले. रक्ताने निसटून त्याची बोटे नव्या सुऱ्याच्या धारेवरून गेली, ती पुन्हा कधी मिटली नाहीत. डुक्कर मात्र तिथेच पडला.

राही मागोमाग धावत आली होती. निंबाजीने तिला एवढेच सांगितले, “परज म्या डोळ्यानं केली, बाय. वल्या हाताला इचारलंच न्हाई.” गावाची वेस यायच्या आत तो गेला.

सुतक फिटल्यावर राही भट्टीवर बसली. लोकांनी नावे ठेवली, तिने ऐकली नाहीत. हैबती चांगल्या हाताने भाता ओढायचा. पटक्यात अडकू नये म्हणून तिने परज पाठीकडून घासली आणि हात सरकू नये म्हणून धारेकडून वळवून ठेवली. प्रत्येक वेळी तेलात हात बुडवून ओंडक्यात मारून बघायची. मनासारखी होईपर्यंत किती परजा परत आगीत गेल्या कोण जाणे. आणि तिने नेम घातला, की सुरा नेणाऱ्याने तो पारखायचा नाही. घरी त्याची वाट बघणाऱ्याने पारखायचा, तेलकट हातांनी.

आजही तसेच चालते. शिकार बंद झाली, बरे झाले. आता सुरे मध काढणारे आणि बांबू तोडणारे नेतात. पण त्यांची बायको, आई, बहीण कोणीतरी येते, तेलात हात घालते, सुरा ओंडक्यात मारते. तळवा जरा हलला तरी परज पुन्हा आगीत. म्हणून म्हणालो, आज मिळायचा नाही. घरी तुमची वाट बघणारे कोण असेल त्यांना घेऊन या.

आणि माझ्या कमरेच्या सुऱ्याला मघाशी हसलात ते मी पाहिले बरे का. पाते झिजून पार काडी झाले आहे. हा माझ्या बायकोने पारखला होता. ती गेली त्याला बराच काळ झाला. लोहार नवा करून द्यायला तयार आहे, पण पारखणार कोण?