ढोलीकार कोण?

फार मागची गोष्ट. त्या सकाळी धुकं इतकं दाट पडलं होतं, की उंबराला स्वतःच्या फांद्या दिसेनात. त्या उंबरावर एक म्हातारा तांबट पक्षी राहायचा. कुणाला घर हवं असलं, की तो आधी ढोलीत सुकं पान टाकून ओल तपासायचा आणि मगच ती दाखवायचा. सगळं रान त्याला ढोलीकार म्हणायचं.

त्या धुक्यातून एक पोपट येऊन म्हणाला, "आजोबा, ढोलीकार हे नाव आता आमच्या पोपटांच्या सभेचं झालंय. सभेत नसलेल्यानं ते लावायचं नाही."

"मग मी कोण रे बाबा?"

"ते तुमचं तुम्ही बघा!" म्हणत पोपट उडाला.

तांबट गोंधळून बसला. इतक्यात खालून मैनेनं हाक मारली, "अहो ढोलीकार! अंडी आजच घालायचीत, एखादी ढोली दाखवा हो!"

ओ द्यावी, तर नाव दुसऱ्याचं. न द्यावी, तर अंडी उघड्यावर पडणार. तो चोच उघडायचा नि पुन्हा मिटायचा. वर कुणीच नाही असं वाटून मैना रडवेली होऊन निघाली.

शेजारच्या फांदीवरचा सरडा वैतागून म्हणाला, "अहो आजोबा, नाव पोपटांना लखलाभ! तुम्ही नुसतं 'इकडे ये पोरी' म्हणा की!"