घाटावरच्या दिव्याची गाळलेली ओळ

एका राज्यात एक नगर होते, आणि त्या नगरातली माणसे वर्षातून एक दिवस चौकात मांडी घालून बसत. सावकार असो की सांडपाणी उपसणारा, सगळे एकाच जाजमावर. हसू नका, या बसण्यावरच पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

तो दिवस फाल्गुनातला शेवटचा. त्या दिवशी नगरसभा लोकांना वर्षाचा जबाब देई. सभेचा वाचक उंच चौथऱ्यावर उभा राही आणि वही उघडून तीन पाने वाची. पहिले पान 'केले', दुसरे 'खर्चिले' आणि तिसरे 'राहिले'. केले ऐकताना लोक माना डोलावीत, खर्चिले ऐकताना कुजबुजत, पण राहिले सुरू झाले की सारा चौक चिडीचूप होई. कुंभारवेशीचे गटार राहिले. पाठशाळेचे छप्पर राहिले. जे जे कबूल केले आणि झाले नाही ते सगळे. शेवटची ओळ संपली की नगरशेठ पगडी उतरवी, दोन्ही हातांत धरी आणि म्हणे, "राहिले ते आमच्या माथी." मग गूळफुटाणे वाटत आणि लोक घरी जात.

ही रीत घालून दिली होती कळंबनाथ मांत्रिकाने. नगर वसले तेव्हा त्याने सभेला एक पेटी दिली आणि स्वतः तिच्या राखणीला बसला. सभेने जेवढी कामे कबूल करावी तेवढ्यांपुरते होन पेटीत दर साल आपोआप येत. अट एकच, राहिलेली ओळ गाळायची नाही. गाळली तर काय होईल, हे कोणी त्याला विचारले नाही. होन दिसल्यावर असले प्रश्न कोणाला सुचतात?

तीनशे वर्षे सगळे सुरळीत चालले. मग आला मोरो वाचक. साठीचा माणूस, आवाज भरदार आणि त्या आवाजाचा ताठा त्याहून भरदार. घरात एकच लेक, सुंद्रा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

त्या साली राजा स्वतः वर्षवाचन ऐकायला यायचा होता. ही बातमी ज्येष्ठातच कळली आणि नगरशेठ कान्हणशेठची तारांबळ उडाली. त्याने मोठ्या वेशीवर कमान उभारली, कमानीला सोन्याचा वर्ख लावला. वर्खाला होन कमी पडले, तेव्हा नदीघाटावरच्या दिव्याचे सत्तर होन तिकडे वळवले. दिव्याचे काय एवढे, पुढच्या साली लावू, असे ठरले. भाद्रपदात भिवा नावाड्याची बायको हौसा तिन्हीसांजेला नवऱ्याची भाकरी घेऊन घाटावर आली. अंधारात तिची पायरी चुकली आणि नदीने तिला नेले.

वाचनाच्या दिवशी सकाळी कान्हणशेठने मोरोला बाजूला घेतले. म्हणाला, यंदा राहिलेले काम एकच आहे, घाटाचा दिवा. ते वाचले तर महाराजांची नजर कमानीकडे जाईल. तेवढी ओळ बाजूला ठेवू, पुढच्या साली दोन्ही वर्षांचे एकदम वाचू. ओळ मोरोनेच लिहिली होती आणि हौसाला तो ओळखत होता. पण त्याला राजापुढे वाचायचे होते हो, आणि वाहवा घ्यायची होती.

वाचता वाचता तिसरे पान आले. मोरोने घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हटले, "राहिले ते काही नाही."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. राजाने मोरोला शाल दिली. आठ महिने उलटून गेलेली सुंद्रा बापाच्या कौतुकाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. मागच्या रांगेत भिवा नावाडी बसला होता. त्याने काही टाळी वाजवली नाही, पण त्याच्याकडे बघतो कोण?

लोक उठले, आणि त्या घटकेपासून नगरात कोणाला बसता येईना.

म्हणजे कसे, ते सांगतो. माणूस टेकला किंवा नुसता उभा राहिला, की दहा आकडे मोजून होईतो ठीक. अकराव्याला पाय आपोआप उठत आणि चालू लागत. जेवण चालता चालता, हजामत चालता चालता. वैद्य रोग्याच्या मागे आणि रोगी वैद्याच्या पुढे. पोरांना दोन दिवस मोठी गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी तीही रडकुंडीला आली. झोप म्हणाल तर दहा आकड्यांची एकेक डुलकी. राजा परत जायला निघाला, पण मेण्यात बसेना आणि घोड्यावर ठरेना. शेवटी तोही शालजोडी सावरत नगरातच येरझारा घालू लागला. सभा भरवायची तर बारा सभासद बारा दिशांना.

तिसऱ्या दिवशी सुंद्रा बाळंत झाली, ती अशीच, सुइणीच्या आणि भिंतीच्या आधाराने फेऱ्या घालत. मुलगी झाली. पण ते पोर डोळा मिटेना. दहा आकडे झाले की अंग झाडी, दूध सोडी, किंचाळी. दिवसागणिक ते वाळत चालले. पोराच्या सहाव्या दिवशी वैद्य मोरोला म्हणाला की बारशापर्यंत झोप लागली तर लागली, त्यापुढे माझ्या हातात काही नाही.

सुंद्रा पोराला खांद्यावर टाकून अंगणात फिरत राहिली, आणि मोरोला ते बघवेना.

त्याला वाटले, ओळच वाचायची आहे ना, वाचून टाकू. तो धावत चौकात गेला, चौथऱ्यावर चढला आणि ओळ मोठ्याने वाचली. ऐकायला कोणी थांबले नाही, थांबणार तरी कसे? दहा आकडे झाले आणि त्याचेच पाय त्याला खाली घेऊन आले. तेवढ्यात सभागृहाच्या आढ्यावरून हुबेहूब त्याच्याच आवाजात कोणीतरी म्हणाले, "राहिले ते काही नाही."

ती साळुंकी होती. मांत्रिकाने पाळलेली, तीनशे वर्षे त्या आढ्यावर राहणारी. प्रत्येक साली राहिलेल्या सगळ्या ओळी तिला तोंडपाठ होत्या. मोरो सभागृहात फेऱ्या घालत तिची आर्जवे करू लागला.

"माझी नात मरते आहे. उपाय सांग."

"तीन कामं आहेत," साळुंकी म्हणाली. "नगरात जो बसलेला आहे त्याला ओळ वाचून दाखव. दिव्याचे होन पेटीत परत आण. आणि मग साऱ्या नगराला शेवटपर्यंत ऐकव."

एवढे बोलून ती पुन्हा मोरोच्या आवाजात तेच वाक्य म्हणू लागली. मोरो कानांवर हात दाबून बाहेर पडला.

बसलेला माणूस शोधता शोधता दोन दिवस गेले. गल्ल्या झाल्या, पेठा झाल्या, देवळे झाली. नवव्या दिवशी तो घाटावर पोचला तर काठाला नाव बांधलेली आणि नावेत भिवा नावाडी स्वस्थ बसलेला, गुडघ्यांवर हात ठेवून. तेव्हा कुठे मोरोच्या डोक्यात उजेड पडला. ज्यांनी ओळ गाळली आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या, तेवढ्यांचेच पाय सुटले होते.

मोरोने काठावर येरझारा घालत वही उघडली आणि वाचले, "राहिले, नदीघाटावर दिवा लावणे."

भिवाने वहीकडे पाहिले. मग म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच लिहिलेलं आहे."

"माझ्या माणसाचं नाव नाही त्यात."

मोरो सांगू लागला की वहीत कामे लिहितात, माणसे लिहीत नाहीत, तशी रीतच नाही. बोलता बोलता त्याला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. त्याने कानावरचा बोरू काढला, चालता चालता शाई सांडली, अक्षर वाकडे आले, पण त्याने लिहिले. मग पुन्हा वाचले, "राहिले, नदीघाटावर दिवा लावणे. त्यापायी भिवा नावाड्याची हौसा गेली."

भिवा रडला. मोरोही रडला, पण त्याला धड उभे राहूनही रडता येईना, पाय ओढून नेत होते. पहिले काम झाले.

तिथून तो घरी गेला, आयुष्यभर साठवलेले होन कडोसरीला लावले आणि खजिन्यात पोचला. तळघरात कळंबनाथ मांत्रिक पेटीवर मांडी ठोकून बसला होता. दाढी जमिनीवर रुळत होती आणि चेहऱ्यावर कंटाळा होता. मोरोने सत्तर होन पुढे केले. मांत्रिकाने एक उचलून हुंगला आणि परत दिला.

"हे तुझे आहेत. दिव्याचे कमानीवर आहेत."

मोरोने घरून उलथने घेतले, शिडी घेतली आणि भर दुपारी मोठ्या वेशीवर कमान खरवडायला लागला. दहा आकडे खरवडायचे, उतरायचे, एक फेरी मारायची, पुन्हा चढायचे. सोन्याची भुकटी खाली पसरलेल्या धोतरावर पडत होती. कान्हणशेठ धावत आला, ओरडला, शिपायांना बोलावले. शिपाई आले आणि पायांनी त्यांना पुढे नेले. जाणारे येणारे बघत होते. हातांना तसाही चाळा हवाच होता, एकीने खुरपे आणले, एकाने विळा आणला, आणि दोन दिवसांत कमान उघडी बोडकी झाली.

राजाही त्या बाजूने फिरत आला. ही कसली कमान, असे त्याने विचारले. आपल्या स्वागताची, असे कोणी सांगितले तेव्हा तो बुचकळ्यात पडला. तो तर नदीकडच्या लहान वेशीने आला होता, तो रस्ता जवळचा म्हणून. कान्हणशेठचे तोंड बघण्यासारखे झाले. बरे झाले मेल्याचे!

भुकटी पेटीत ओतली तसे पेटीतून सत्तर होन निघाले. तांबटआळीत घाटाचा दिवा ज्येष्ठापासून तयार होऊन धूळ खात पडला होता, तो मोरोने ते होन देऊन सोडवून आणला. दुसरे काम झाले.

बारशाचा बारावा दिवस उजाडला. पोराचे रडणेही आता बारीक झाले होते. सुंद्रा बापापाशी येऊन म्हणाली, "आज होईल ना, बाबा?"

मोरो वही घेऊन बाहेर पडला. साऱ्या नगराला शेवटपर्यंत ऐकवायचे कसे? चौथऱ्यावर तो टिकेना, चौकात लोक टिकेनात. सबंध सकाळ तो विचार करत फिरला. लोकही फिरत होते. आणि फिरता फिरता त्याच्या ध्यानात आले की सगळे चालतातच आहेत, तर आपण त्यांच्यात चालावे. तीनशे वर्षांत वाचक वही घेऊन कधी लोकांत उतरला नव्हता. मोरो उतरला. सरळ गर्दीत शिरला आणि वाचत चालू लागला. ज्याला ऐकू गेले तो त्याच्या मागे वळला. एका गल्लीचे लोक दुसऱ्या गल्लीच्या लोकांना मिळाले. सुंद्रा पोर घेऊन निघाली, राजा निघाला, सभासद निघाले. केले वाचून झाले, खर्चिले वाचून झाले, त्यात कमानीचा वर्खही आला. तिन्हीसांजेला सारे नगर नदीच्या घाटावर पोचले आणि मोरोने शेवटची ओळ वाचली, हौसाच्या नावासकट.

आता नगरशेठने पगडी उतरवायची. सगळे कान्हणशेठकडे बघू लागले. त्याने राजाकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले आणि पगडीवर हात दाबून धरला. लोकांचे पाय घाटावर चुळबुळत होते. पोर आता आवाजही करत नव्हते.

मोरोने स्वतःची पगडी काढली. तो भरदार आवाज पार फाटला होता.

"ओळ मी गाळली. हौसा माझ्या माथी."

आणि त्याचे पाय थांबले. तो पायरीवर बसला. दहा झाले, वीस झाले, शंभर झाले, तो बसलेलाच. मग चालून चालून थकलेला कान्हणशेठ ओक्साबोक्शी रडू लागला, पगडी हातात घेऊन म्हणाला, "माझ्याही माथी," आणि मोरोशेजारी बसला. कोणीतरी पुटपुटले की टाळ्या तर आम्हीच वाजवल्या. डोक्यांवरची मुंडासी उतरली, बायकांनी पदर पसरले, आणि एकेक करून सारा घाट बसला. राजाही बसला, ओल्या पायरीवरच.

सुंद्रा सगळ्यांत शेवटी बसली. पोराने दोन घोट घेतले, तिसरा घेतला, मूठ सैल सोडली आणि डोळे मिटले. नाकाशी बोट धरून सुंद्राने तीनदा खात्री केली. भिवाने दिवा लावला. त्या रात्री नगरातले एकही माणूस घरी गेले नाही, सगळे तिथेच झोपले.

बारसे दुसऱ्या दिवशी झाले. सुंद्राच्या मनात हौसा नाव ठेवायचे होते, पण भिवा नको म्हणाला. हौसा एकच होती, असे तो म्हणाला. मग दुसरे नाव ठेवले.

पुढच्या फाल्गुनात लोक चौकात मांडी घालून बसले. मोरोने केले वाचले, खर्चिले वाचले. राहिलेल्या ओळी त्या साली तेवीस होत्या. एकही गाळली नाही, आणि चौकातून कोणी उठले नाही. बावीस झाल्या तेव्हा तो जरा थांबला आणि भिवाला शोधून त्याच्याकडे बघत त्याने तेविसावी वाचली. ती ओळ त्या नगरात अजून दर साली शेवटी वाचतात.

"दिवा लागला. हौसा परत आणणे राहिले."

नगरशेठने पगडी उतरवली. मग गूळफुटाणे वाटले आणि लोक घरी गेले.