खडपावरची ज्योत

एका राज्यात, जिथे जमीन संपून समुद्रातल्या खडकांचं काळं खडप सुरू होई, तिथे एक दीपस्तंभ उभा होता. उंची म्हणाल तर जेमतेम दोन पुरुष. पण देशोदेशीची गलबतं त्याच्या एका ज्योतीवर बंदराला लागत, आणि ती ज्योत राखणारी हौसाबाई राजवाड्यासमोरूनही ताठ मानेने चाले. का चालू नये?

फुटक्या गलबतांच्या लुटीवर डोळा ठेवून असलेल्या अघोरनाथ मांत्रिकाने एकदा स्तंभावर पाणी शिंपडून शाप दिला : राज्यात दुसरा एक जरी दिवा तेवत असेल, तरी ही ज्योत टिकायची नाही. त्याच संध्याकाळी ती मालवली. शाप कुणा माणसाने ऐकला नव्हता. राजाने आपल्या अकलेने घाटावर मशाली लावल्या, वाड्यावर झुंबरं पेटवली, आणि गलबतं त्या झगमगाटाकडे वळून खडपावर फुटू लागली.

आता राजाचं थोरलं गलबत परतायचं होतं. ते हाकणारा तांडेल रायाजी, हौसाबाईचा एकुलता लेक. तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तेव्हा स्तंभावरच्या म्हाताऱ्या कुरव पक्ष्याने तिला सारा शाप सांगितला. इतके दिवस गप्प का होतास, असं तिने विचारलं, तर म्हणाला, कुणी विचारलंच नाही.

हौसाबाई तडक दरबारात गेली. राजाने ऐकलं आणि मान खाली घातली. घाटावरच्या मशाली पाण्यात बुडाल्या. मग घरोघरचे दिवे. ऐन तिन्हीसांजेला उंबरा अंधारात ठेवायचा म्हणून लोक कुरकुरले, पण ऐकलं. उरला वाड्याच्या देवघरातला नंदादीप. सात पिढ्या तो मालवला नव्हता. राणी दारात आडवी उभी राहिली.

"आईसाहेब," हौसाबाई म्हणाली, "देवीला अंधारातही लेकरं ओळखू येतात. तांडेलाला खडप ओळखू येत नाही."

राणीने डोळे मिटले आणि पदराने नंदादीप मालवला.

खडपावर ज्योत उभी राहिली. शाप तुटला. किनाऱ्यावर लुटीला टपलेला अघोरनाथ जागीच मिठाचा खडा झाला आणि भरतीत विरघळला. थोरल्या गलबताने खडपापासून तोंड फिरवलं, बंदर धरलं. रायाजीला धक्क्यावर उतरताना पाहून हौसाबाईचा ऊर भरून आला. लेकाचा अभिमान होताच, ज्योतीचा काकणभर जास्तच.

राजा अंधारात स्तंभाशी आला.

"हौसाबाई, आता वाड्यात दिवा लावू का?"

तिने समुद्राकडे पाहिलं.

"थांबा, सरकार. मागून कोळ्यांच्या होड्या येतायत, वाड्याच्या उजेडाला भुलतील."

राजा पायरीवर बसून राहिला.